होक्काइदो: लिफ्ट मागत, तंबूत राहत

ऑगस्टच्या मध्यावर टोकियो रिकामं होतं. ओबोन हा पितरांचा सण. १३ ते १६ ऑगस्टच्या आसपास जपानी माणसं आपापल्या मूळ गावी जातात, पूर्वजांची थडगी धुतात, त्यांच्यापुढे फुलं आणि उदबत्ती ठेवतात. २०१६पासून ११ ऑगस्टला ‘पर्वत दिना’ची सार्वजनिक सुटी सुरू झाली, त्यामुळे बऱ्याच कंपन्या जवळपास आठवडाभर बंद असतात. टोकियोच्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या मराठी इंजिनिअरांच्या पदरातही ही सुटी पडते. आठवडाभरासाठी भारतात जाणं परवडत नाही. शिनकानसेन या बुलेट ट्रेनची आरक्षणं संपलेली, हॉटेलांचे दर चढलेले आणि शहरात अंगाला चिकटणारा उकाडा. अशा वेळी सॅक पाठीवर टाकून एकट्याने होक्काइदो गाठावं आणि तिथे लिफ्ट मागत, तंबूत मुक्काम करत फिरावं, असं मी भेटेल त्याला आग्रहाने सांगतो. जपानमध्ये वर्षानुवर्षं नोकरी करूनही ऑफिस, स्टेशन आणि घर एवढ्याच त्रिकोणात जपान पाहिलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांना हा देश खऱ्या अर्थाने भेटायचा असेल, तर तो अनोळखी गाडीच्या डाव्या सीटवर भेटेल.

होक्काइदोला जायचा माझा आवडता मार्ग समुद्राचा. टोकियोच्या ईशान्येला इबाराकी प्रांतात ओआराई नावाचं बंदर आहे. तिथून सुटणारी मोठी फेरी साधारण अठरा तासांनी होक्काइदोच्या दक्षिण किनाऱ्यावर तोमाकोमाईला लागते. खालच्या मजल्यांवर ट्रक आणि मोटरसायकली, वर झोपायच्या जागा आणि गरम पाण्याचं सामायिक स्नानगृह. रेल्वेने जायचं तर त्सुगारू सामुद्रधुनीखालून जाणारा ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा आहे. तो १९८८ साली सुरू झाला आणि २०१६पासून त्यातून शिनकानसेनही धावते. पण फेरीत आधीच ओळखी होतात. सकाळी डेकवर कॉफी पिताना ‘कुठपर्यंत?’ असं कोणी विचारलं, की पहिली लिफ्ट बंदरावर उतरण्यापूर्वीच ठरू शकते.

बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लहानसं काहीतरी येतं. होक्काइदोचं क्षेत्रफळ सुमारे ८३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्त. लोकसंख्या मात्र पन्नास लाखांच्या घरात, आणि त्यातले जवळजवळ वीस लाख एकट्या सापोरो शहरात. उरलेल्या बेटावर शेतं, कुरणं, जंगल, ज्वालामुखी आणि लांबच लांब रस्ते. सापोरोहून उत्तरेच्या टोकाला वाक्कानाईपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर पडतं. टोकियोच्या हिशेबाने आखलेला कार्यक्रम इथे पहिल्या दिवशीच कोलमडतो. आठवडा हाताशी असेल तर बेटाचा एकच कोपरा निवडावा आणि बाकीचा पुढच्या वर्षासाठी ठेवावा.

इथे लिफ्ट का मिळते, याचं उत्तर माणसांच्या चांगुलपणात आहेच, पण त्याआधी ते रेल्वेच्या नकाशात आहे. १९८७ साली सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन वेगळ्या कंपन्या झाल्या, तेव्हा होक्काइदोच्या वाट्याला तीन हजार किलोमीटरहून जास्त लोहमार्ग आले. आज त्यातले सव्वादोन हजारांच्या आसपास उरले आहेत. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, तरुण मुलं सापोरोला आणि टोकियोला गेली, गाड्या रिकाम्या धावू लागल्या. १९६०च्या सुमारास लाखाच्या वर वस्ती असलेलं युबारी हे खाणींचं शहर २००७ साली अधिकृतपणे दिवाळखोरीत निघालं आणि आता तिथे सात हजार माणसंही राहत नाहीत. २०१६ साली रेल्वे कंपनीने जाहीर केलं, की निम्म्याच्या आसपास मार्ग आपल्याला एकटीने चालवणं शक्य नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये होक्काइदोवर एकामागून एक वादळं आली आणि नेमुरो मार्गाचा एक तुकडा वाहून गेला. तो पुन्हा कधी दुरुस्त झालाच नाही. २०२४च्या वसंतात फुरानो ते शिन्तोकु हा टप्पा कायमचा बंद झाला. त्याच टप्प्यावरच्या इकुतोरा स्थानकात ‘पोप्पोया’ हा १९९९चा गाजलेला चित्रपट चित्रित झाला होता, आणि त्याची गोष्टही बंद पडू घातलेल्या मार्गावरच्या स्टेशनमास्तरची आहे.

ज्या गावात गाडी येत नाही, तिथे रस्त्याकडेला उभ्या माणसाची अडचण सांगावी लागत नाही. आपल्याकडे शेवटची एसटी चुकलेल्या माणसाला ट्रॅक्टरवाला न विचारता बसवून घेतो, तसंच काहीसं इथल्या शेतकऱ्याचं आहे. गाडीत बसलेले आजोबा पहिल्या पाच मिनिटांत सांगतात की इथून पूर्वी रेल्वे जायची, आणि हात दाखवून झाडीतला जुना पूलही दाखवतात.

पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारे तरुणही या बेटाला नवे नाहीत. १९६० आणि ७०च्या दशकांत विद्यार्थ्यांचे जथे स्वस्त रेल्वे पास घेऊन इथे यायचे. त्यांच्या आडव्या, रुंद सॅक डब्याच्या अरुंद वाटेतून जाईनात, म्हणून ते खेकड्यासारखे आडवे चालायचे आणि लोक त्यांना ‘कानि-झोकु’, खेकड्यांची जमात म्हणायचे. पुढे मोटरसायकलवाले आले. त्यांच्यासाठी गावोगावी नाममात्र पैशांत पथारी पसरू देणारी ‘रायडर हाउस’ निघाली, आणि पाऊस लागला की तिथे पायी भटकणाऱ्यालाही आसरा मिळतो. १९९६ साली एका टीव्ही मालिकेत सारुगानसेकी नावाची तरुण विनोदी जोडी हाँगकाँगहून लंडनच्या दिशेने लिफ्ट मागत निघाली आणि साऱ्या जपानने तो प्रवास पाहिला. तेव्हा शाळा-कॉलेजात असलेली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी गाडी थांबवतो तेव्हा ‘लहानपणापासून एकदा कोणालातरी लिफ्ट द्यायची होती’ असं सांगतो. कॅनडाचा लेखक विल फर्ग्युसन जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता. चेरीच्या बहराबरोबर उत्तरेकडे सरकत, दक्षिणेच्या साता भूशिरापासून होक्काइदोच्या सोया भूशिरापर्यंत तो लिफ्ट मागत गेला, आणि १९९८ साली त्याचं पुस्तक आलं. परक्या देशात राहणाऱ्या माणसाने त्या देशाला असं सामोरं जावं, याचा तो चांगला दाखला आहे.

आता रस्त्यांविषयी. हे रस्ते फार सुंदर आहेत, आणि ते कोणी बांधले हे त्यांच्यावर उभं राहणाऱ्याने जाणून घ्यायला हवं. हे बेट मुळात आइनू लोकांचं. मात्सुउरा ताकेशिरो नावाचा भटका संशोधक १८४५पासून सहा वेळा इथे आला. आइनू वाटाड्यांबरोबर नद्या-डोंगर पालथे घालून त्याने हजारो आइनू स्थळनामं नकाशावर उतरवली. १८६९ साली सरकारने बेटाला ‘होक्काइदो’ हे नाव दिलं, ते त्याच्याच सूचनेवरून. आइनूंना मिळणारी वागणूक त्याला सहन झाली नाही आणि पुढच्याच वर्षी त्याने सरकारी पद सोडलं. त्यानंतर आलेल्या वसाहतीच्या काळात रस्ते खोदायला कैदी जुंपले गेले. अबाशिरीच्या तुरुंगातले हजारांहून अधिक कैदी १८९१ साली जंगलातून असाहिकावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर होते, आणि त्यातले दोनशेहून जास्त त्या एका वर्षात मेले. बेड्यांसकट जिथल्या तिथे पुरलेल्या कैद्यांची आठवण म्हणून कितामीजवळ ‘कुसारिझुका’, म्हणजे साखळ्यांचा उंचवटा, जपून ठेवला आहे. बिबाई ते ताकिकावा हा राष्ट्रीय मार्ग १२चा २९.२ किलोमीटरचा तुकडा जपानमधला सर्वांत लांब सरळ रस्ता म्हणून पर्यटक पाहायला येतात. त्याची मूळ आखणीही कैद्यांच्याच हातची. शिराओई इथे २०२० साली उघडलेलं ‘उपोपोय’ हे राष्ट्रीय आइनू संग्रहालय तोमाकोमाई बंदरापासून फार लांब नाही. प्रवासाची सुरुवात तिथून करावी.

रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर लाल-पांढरे बाण खाली तोंड करून लटकलेले दिसतात. हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली गेला की त्याची कड कुठे आहे, हे चालकाला त्यांच्यावरून समजतं. लिफ्ट मागणाऱ्याने उन्हाळ्यात त्या बाणाच्या आत उभं राहू नये. तिथून पुढे गाड्यांचा प्रांत.

जागा निवडणं हे यातलं मुख्य कसब आहे. हसरा चेहरा, स्वच्छ कपडे, डोळ्यांवर गॉगल नको हे सगळं खरं, पण चुकीच्या जागी उभा असलेला देखणा माणूसही दिवसभर तिथेच राहील. चालकाला तीन गोष्टी लागतात: तुम्ही दुरून दिसावं, त्याचा वेग आधीच कमी असावा, आणि गाडी बाजूला घ्यायला सुरक्षित जागा असावी. जपानमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते, त्यामुळे डोळ्यांना सवय असते. शहराच्या मध्यात उभं राहून काही होत नाही. लोकल किंवा बसने शेवटच्या वस्तीपर्यंत जावं आणि जिथे फाटे संपून एकच रस्ता पुढे जातो तिथे थांबावं. मोठं पार्किंग असलेलं कन्व्हिनियन्स स्टोअर सोयीचं. त्याहून चांगली जागा म्हणजे ‘मिचि-नो-एकि’. सरकारने १९९३ साली सुरू केलेली ही रस्त्याकाठची विश्रांतिस्थानं होक्काइदोत शंभराहून जास्त आहेत. चोवीस तास उघडी स्वच्छतागृहं, स्थानिक भाजीपाला, नकाशे, आणि थोडं थांबून निवांत निघणारे चालक. तिथून बाहेर पडायच्या वाटेवर उभं राहिलं की तुमच्याकडे बघायला त्यांना वेळ मिळतो.

हातात फलक हवा. शंभर येनच्या दुकानातली स्केचबुक आणि जाड मार्कर पुरे. त्यावर कांजी लिपीत पुढच्या मोठ्या गावाचं नाव आणि खाली ‘होमेन’, म्हणजे ‘त्या दिशेने’, असं लिहावं. अंतिम मुक्काम लिहिला तर पन्नास किलोमीटर जाणारा माणूस ‘आपला उपयोग नाही’ म्हणून पुढे जातो. दिशा लिहिली की तोही थांबतो.

कायदा काय म्हणतो? लिफ्ट मागायला जपानमध्ये बंदी नाही. द्रुतगती मार्गावर पायी जायला मात्र सक्त मनाई आहे, तेव्हा त्यावर चढणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे किंवा आतल्या विश्रांतिस्थानातच थांबावं. होक्काइदोत साधे राष्ट्रीय मार्ग इतके मोकळे आहेत की त्या वाटेला जायची गरज क्वचितच पडते. पैशांबाबतही नियम स्पष्ट आहे. भाडं घेऊन माणसं न्यायची तर परवाना आणि हिरवी नंबर प्लेट लागते. खाजगी गाडीवाल्याने भाडं घेणं बेकायदा ठरतं, म्हणून पैसे पुढे करून त्याला अवघडवू नये. लहानशी भेटवस्तू चालते. मी भारतातून आणलेल्या मसाला चहाच्या पुड्या ठेवतो, त्या फार आवडीने घेतल्या जातात. उलट अनेकदा चालकच वाटेत थांबून तुमच्या हातात थंड चहाची बाटली देतो. परदेशी रहिवाशाने आपलं निवासपत्र सदैव जवळ बाळगणं हे कायद्याचं बंधन आहे. पोलिसाने विचारलं तर ते दाखवायचं आणि कुठे चाललो आहोत ते सरळ सांगायचं.

एक अडचण इथे खास जपानी आहे. चालक तुम्हाला इष्ट ठिकाणी सोडण्यासाठी आपला रस्ता सोडून वीस-तीस किलोमीटर वळसा घालतो. त्याच्या वागण्यातून ते कळत नाही. म्हणून बसल्या बसल्या त्याचं गाव विचारून घ्यावं आणि फाटा येण्याआधीच ‘इथेच उतरतो’ असं सांगावं. गाडीत झोपू नये. दमला असाल तर लिफ्ट मागू नका, बस पकडा. त्या माणसाने गप्पांसाठी थांबवलं आहे. तोडकीमोडकी जपानी पुरते: कुठून आलात, काय काम करता, एकटेच का, भीती नाही वाटत का. हे प्रश्न प्रत्येक गाडीत येतात आणि दोन दिवसांत त्यांची उत्तरं अस्खलित होतात. कंपनीत ज्या आदरार्थी जपानीला धरून आपण वर्षं काढतो, ती इथे फारशी लागत नाही, आणि साधं बोलणं किती कमी येतं हे लक्षात येतं.

दिवस लवकर सुरू करावा. सगळ्या जपानची घड्याळं १३५ अंश रेखांशावर लावलेली, आणि होक्काइदोचं पूर्व टोक त्याच्या दहा अंश पूर्वेला. ऑगस्टमध्ये तिथे साडेचारच्या आत उजाडतं आणि सहा-साडेसहाला मावळतं. संधिप्रकाशात हरणं रस्त्यावर येतात, चालकाचं लक्ष त्यांच्यावर असतं. चार वाजेपर्यंत तंबूची जागा गाठावी.

तंबू ठोकायला होक्काइदोसारखं ठिकाण जपानमध्ये दुसरं नाही. गावागावांच्या नगरपालिकांनी चालवलेली कॅम्पची मैदानं आहेत, काही फुकट, काही थोड्या पैशांची. भांडी घासायला नळांची शेड, स्वच्छतागृह, सपाट गवत. थेट जमिनीवर जाळ करायला बहुतेक ठिकाणी बंदी असते आणि कचरा आपला आपण परत न्यायचा असतो. राष्ट्रीय उद्यानांत ठरवून दिलेल्या जागीच मुक्काम करायचा. मिचि-नो-एकिच्या गवतावर तंबू लावू नये, ती जागा त्यासाठी नाही. मुख्य बेटावर जून-जुलैत पडणारा पावसाळा इथे तितकासा येत नाही, पण रात्री गार असतात आणि कुशिरोकडे ऑगस्टमध्येही दाट धुकं येतं. पातळ स्लीपिंग बॅगवर भागत नाही.

एकच जागा सुचवायची तर मी कुश्शारो तलाव सुचवेन. जपानमधला हा सर्वांत मोठा कॅल्डेरा तलाव आहे, म्हणजे ज्वालामुखीचं तोंड खचून तयार झालेला. त्याच्या दक्षिणेला वाकोतो नावाचं चिमुकलं द्वीपकल्प पाण्यात शिरतं. तिथे कॅम्पचं मैदान आहे आणि झाडांखाली उघड्यावर गरम पाण्याचं कुंड. जमिनीखालच्या उष्णतेमुळे द्वीपकल्प आसपासच्या मानाने उबदार राहतं, त्यामुळे दक्षिणेत आढळणारे ‘मिन्मिन’ जातीचे सिकाडा कीटक इथे, आपल्या वसतीच्या उत्तर टोकाला, तग धरून आहेत. त्यांना राष्ट्रीय निसर्गवारशाचं संरक्षण आहे. पूर्व काठावर सुनायु इथे किनाऱ्यावरची वाळू हाताने उकरली की गरम पाणी वर येतं. मुलं दिवसभर खड्डे खणतात, आणि पायी आलेल्या माणसाचे सुजलेले पाय त्यात बुडवण्यासारखं सुख नाही.

अस्वलाचा विषय टाळता येणार नाही. होक्काइदोत ‘हिगुमा’ जातीचं तपकिरी अस्वल राहतं. मोठा नर तीनशे किलोच्याही वर जातो. १९९० साली वसंतातली शिकारीची मोहीम थांबवल्यावर संख्या वाढत गेली आणि अलीकडचा अंदाज बारा हजारांच्या आसपास आहे. १९७० साली हिदाका पर्वतरांगेत फुकुओका विद्यापीठाच्या पाच विद्यार्थ्यांच्या तुकडीची एका अस्वलाशी गाठ पडली. अस्वलाने सॅक ओढून नेल्या, मुलांनी त्या परत मिळवल्या. पुढचे दिवस ते अस्वल त्यांच्या मागावर राहिलं आणि तिघे मारले गेले. अस्वलाच्या ताब्यात गेलेली वस्तू त्याची झाली, हे तेव्हापासून इथे प्रत्येक गिर्यारोहकाला शिकवलं जातं. खाणं तंबूत ठेवायचं नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. स्वयंपाक तंबूपासून लांब करायचा, उरलेलं पुरायचं नाही. शिरेतोकोसारख्या भागात अस्वलावर फवारायचा स्प्रे भाड्याने मिळतो. मैदान निवडताना त्या आठवड्यात अस्वल दिसलं का, हे गावच्या कचेरीत विचारावं. ते उत्तर नेमकं देतात, आणि मैदान बंद आहे म्हणाले तर बंदच. कोल्ह्यांनाही खाऊ घालू नये. त्यांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या एकिनोकॉकस या कृमीमुळे ओढ्याचं पाणी न उकळता पिणं इथे धोक्याचं आहे.

शाकाहारी माणसाला जपान जड जातं, कारण माशाचा अर्क जवळजवळ प्रत्येक रश्श्यात असतो. होक्काइदोत मात्र देशातल्या बटाट्यांपैकी पाऊण हिश्श्याहून जास्त आणि दुधापैकी निम्म्याहून जास्त उत्पन्न होतं. रस्त्याकाठी भाजलेलं कणीस, लोणी घातलेला वाफाळता बटाटा, जाड साईचं दूध मिळतं. गॅसचा छोटा डबा आणि स्टोव्ह असेल, डाळ-तांदूळ आणि हळद-मिठाची पुडी सॅकमध्ये असेल, तर खिचडी कुठेही होते.

एकट्या बाईने हे करावं का, असं मला नेहमी विचारलं जातं. करणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांचे नियम सर्वांनीच पाळण्यासारखे आहेत. बसण्यापूर्वी नंबर प्लेटचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवायचा आणि तसं चालकाला हसत सांगायचं. सॅक डिकीत न टाकता जवळ ठेवायची. मनाला थोडंही खटकलं तर ‘नको, आभारी आहे’ म्हणून गाडी जाऊ द्यायची. कारण द्यायची गरज नसते. अंधार पडल्यावर उभं राहायचं नाही. गाडीत कुटुंब किंवा जोडपं असेल तर उत्तम. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक लक्षात असावेत.

उतरताना अनेक चालक पत्ता लिहून देतात. तो कागद हरवू देऊ नका. जपानमध्ये नववर्षाची शुभेच्छापत्रं टपाल खातं १५ डिसेंबरपासून स्वीकारतं, आणि २५ तारखेपर्यंत पेटीत टाकलेली पत्रं साधारणपणे १ जानेवारीच्या सकाळी घरोघर पोहोचवली जातात. तुमच्या हातच्या वेड्यावाकड्या जपानीत, कुठल्या फाट्यावर त्यांनी तुम्हाला घेतलं होतं ते लिहून पाठवा.